निशाणी सत्तावीस

वकील विचारतात, हा अंगठा कोणाचा?
पडद्यावर गुळाची ढेप, शेजारी रंगांची पट्टी,
पट्टी धरलेला एक अंगठा, नख मधोमध चिरलेलं.
माझा, म्हटलं.
दस्तगीर बाबालाल मुजावर, प्रयोगशाळा परिचर,
नोकरी एकतीस वर्षं.
नख सेंट्रिफ्यूजच्या झाकणात गेलेलं.

तीन हिवाळे मी शाहूपुरीत
सौदे निघायच्या आधी ढेपांसमोर उकिडवा बसलो.
नेजदार मॅडम म्हणायच्या, ऊन यायच्या आत, मुजावर,
उन्हात गूळ खोटं बोलतो.
मी पट्टी धरायची, श्रेणिकनं फोटो काढायचा,
अडत्यांनी हसायचं:
गुळाला स्थळ बघाय आलाय काय रं?
अकरा हजार चारशे फोटो.
सगळ्यांत माझा अंगठा, कुठं अर्धा, कुठं नुसती सावली.

त्यावर मॅडमनी आणि पोरांनी प्रोग्राम लिहिला.
फोटो दाखवला की सांगायचा
साखर किती मिसळली, चुन्याचा हात जड पडला का.
नाव ठेवलं 'ढेप'.
कुणीही न्यावा, कुणीही वापरावा,
कुठून नेला तेवढं सांगावं,
असं वर चार ओळींत लिहिलं, मला वाचून दाखवलं.
मी म्हटलं, ही तर पाणपोई झाली.
व्हय, मॅडम म्हणाल्या,
पण पेला साखळीला बांधलेला बरा.

श्रेणिक पुण्याला गेला. कंपनी झाली.
बटणं गोल झाली, नाव इंग्रजी झालं.
एकदा फोन आला: मामा, नवीन आलंय, टाकून घ्या.
मग गेल्या आषाढात, जिथं ढेप जन्मली
त्याच खोलीच्या पत्त्यावर नोटीस.
विनापरवाना वापर, चाळीस संगणक,
दर संगणकामागे दर वर्षी इतके इतके.
मॅडमनी दोनदा वाचली,
मग चष्मा पुसला, मग परत चष्माच पुसला.

उलटतपासाचा वकील फार गोड माणूस.
तपासणी समितीच्या आदल्या रात्री
नवीन आवृत्ती कोणी चढवली?
मी.
दर वेळी पडद्यावर एक चौकट आली. खाली काय होतं?
मान्य आहे.
आणि वर?
वर पुष्कळ होतं, साहेब. इंग्रजीत.
मग दाबायचं कुठं, ते कसं कळलं?
ते निळं असतं. नको म्हणायचं बटण करडं असतं.
वाचलंत?
बारा वाजले होते, वॉचमन कुलूप वाजवत होता.
म्हणजे मान्य केलंत. चाळीस वेळा.

बाप म्हणायचा, शाळा शिक, अंगठा सुटेल.
मी शिकलो. सही करतो, वळणदार.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं.
मशीनशिवाय कळतं का हो तुम्हाला, गूळ कसा ते?
कळतं की. खडा कानाशी मोडायचा,
चांगला असला तर कट्‌कन बोलतो,
साखर घातलेला नुसता चुरतो.
हरकत, वकील म्हणाले. विषयाबाहेरचं.
लिहून घेतलं नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर श्रेणिक उभा होता,
कोट हातावर, पायात मात्र तीच जुनी कापशी चप्पल.
मामा, चहा?
घेतला. नाही कसं म्हणायचं?
याच पोरानं एका पहाटे थंडीनं कुडकुडताना
माझा मफलर मागून घेतलेला,
तो अजून दिलेला नाही.
त्यानं माझ्या हाताकडं बघितलं.
नख अजून तसंच?
कापतो. वाढतं. परत चिरलेलंच येतं.
मग बराच वेळ दोघंही
बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिलो.

पुढची तारीख अठरा.